खट, खट्याक: वेंगुर्ल्यात बसून इंडस्ट्रियल अल्बम काढला त्याची गोष्ट

तर झालं एकदाचं. १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, माझा अल्बम बाहेर पडला. आठ ट्रॅक, सगळे मिळून ४१ मिनिटं, आणि त्याला लागलं जवळजवळ एक वर्ष. त्यातले पाच महिने आवाज गोळा करण्यात, तीन महिने कॉम्प्युटरसमोर, आणि उरलेला सगळा वेळ कागद, पासवर्ड, ओटीपी आणि 'वी आर रिव्ह्यूइंग युअर रिलीज' या वाक्याकडे बघण्यात गेला. मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहून ठेवतेय.

माझं वेंगुर्ला बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पॅन, शिष्यवृत्ती, रेशनकार्डात नाव घालणं, दहा वर्षं हेच चाललंय, त्यामुळे मला वाटलेलं की अल्बमचं कागदोपत्री काम म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी कशी जिरली ते येईलच.

इंडस्ट्रियल म्हणजे काय, तर यंत्रांच्या खडखडाटातून आणि गोंगाटातून केलेलं संगीत, हे मला या वर्षात निदान पन्नास लोकांना समजवावं लागलं. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल नावाच्या बँडने १९७६ मध्ये स्वतःचं लेबल काढलं, त्याचं नाव इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स, तिथून हा शब्द आला. मग १९८० पासून बर्लिनचे आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटन भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन घेऊन स्टेजवर उभे राहायला लागले. कॉलेजला कोल्हापूरला असताना मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि रूममेटने मला रूममधून बाहेर काढलं. तेव्हापासून डोक्यात होतं की यांच्याकडे फॅक्टऱ्या आहेत, आपल्याकडे काय आहे? धुराडी नाहीत, पण काजू फॅक्टरी आहे, बर्फाचा कारखाना आहे, चिरेखाण आहे, बंदर आहे. आपली इंडस्ट्री पत्र्याच्या शेडमधे बसते एवढाच फरक.

ऑक्टोबर २०२४ मधे सेकंडहँड हँडी रेकॉर्डर घेतला, ९,५०० रुपये. सोबत पिएझो डिस्क, त्या पंधरा-वीस रुपयांना मिळतात, त्याला वायर सोल्डर केली की कॉन्टॅक्ट माइक तयार, म्हणजे हवेतला आवाज न घेता तो ज्याला चिकटवलाय त्या वस्तूची थरथर घेतो. दोन पैशांची टिप, डिस्क थेट रेकॉर्डरला लावलीत तर आवाज पातळ पत्र्यासारखा येतो, बेस गायब, मधे छोटा प्रीअॅम्प, म्हणजे बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, लागतोच. हे मला तीन रेकॉर्डिंगं फुकट गेल्यावर कळलं.

पहिली काजू फॅक्टरी, कारण तिथे माझी आत्या बावीस वर्षं कटिंगला आहे. मालकांना विचारलं, ते म्हणाले मशीन बंद नको पडू दे, बाकी काय ते कर. नोव्हेंबरच्या एका शनिवारी सकाळी आठला गेले. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, काजू बी आधी वाफेवर शिजवतात, थंड करतात, मग कटिंगच्या टेबलावर येते. दोन वाकड्या पात्यांच्या मधे बी धरायची, पायाने पेडल दाबलं की पाती मिटतात, खट, मग हाताने दांडा फिरवला की टरफल उकलतं, खट्याक, आणि गर ट्रेमधे पडतो. टरफलातलं तेल कातडी जाळतं म्हणून बायका हाताला आधी राख नाहीतर तेल चोळून बसतात. चौदा बायका, चौदा मशीनं, आणि प्रत्येकीचा खट वेगळ्या वेळेला. मी डिस्क टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवली आणि हेडफोन लावला तेव्हा खरंच अंगावर काटा आला, कारण वरून जे नुसतं खडखडाट वाटत होतं ते लाकडाच्या आतून ऐकलं तर चौदा जणींनी मिळून एक ताल धरल्यासारखा होता, मधेच एकत्र यायचा, परत सुटायचा.

आत्याने मात्र विचारलं, "काय गो, ह्या काय चिकटवलंस माज्या मशीनीक? करंट नाय मा लागूचो?"

चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. घरी येऊन बघते तर पहिली वीस मिनिटं वाया, कारण रेकॉर्डरचं ऑटो लेव्हल चालू राहिलेलं, प्रत्येक खटला तो स्वतःच आवाज कमी करणार आणि मग हळूहळू वाढवणार. ऑटो बंद करा, हाताने लेव्हल लावा, सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर मायनस १२ डीबीच्या आसपास येईल असं बघा. २४ बिटवर रेकॉर्ड केलं तर कमी लेव्हलचं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

डिसेंबरात चिरेखाण, कुडाळच्या वाटेवर. तिथे बोलण्यासारखं फार नाही, गोल पात्याचं मशीन जांभ्यात घुसतं तेव्हा जो आवाज येतो तो सरळ सरळ किंचाळी आहे, तो पाचव्या ट्रॅकमधे जसाच्या तसा आहे. लाल धूळ रेकॉर्डरच्या बटणांत गेली आणि रेकॉर्डचं बटण तेव्हापासून दोनदा दाबावं लागतं. प्लास्टिकची पिशवी आणि वरून पायमोजा घालून न्या.

त्याच महिन्यात एका गावच्या जत्रेला दशावतारात बसले होते. रात्री दोनच्या सुमाराला पायपेटीवाल्यांच्या पायाकडे लक्ष गेलं आणि एकदम डोक्यात आलं, अरे हेही पेडलच आहे की. पाय दाबतोय, हात काम करतोय, आत्याची मशीन आणि ही पेटी एकाच घरातल्या. तिसरा ट्रॅक तिथे जन्माला आला, काजूचं खट खाली आणि वर पायपेटीचा भाता, मृदंग, झांज. नाटक चालू असताना चोरून रेकॉर्ड केलं नाही, हे मुद्दाम सांगते. वाजवणाऱ्याचा त्याच्या वाजवण्यावर कायद्याने हक्क असतो, कॉपीराइट कायद्यात कलाकारांचे हक्क वेगळे दिलेत, पारंपरिक चाल कोणाच्या मालकीची नसली तरी आज रात्री ती वाजवणारा माणूस आहेच. मी दुसऱ्या आठवड्यात तिघांना भेटले, घरी बोलावून दीड तास रेकॉर्ड केलं, प्रत्येकी २,००० दिले. करारासाठी स्टॅम्प घ्यायला गेले तर शंभरचा विसरा, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान ५०० चा झालाय. वकिलांनी मसुद्याचे १,००० घेतले. मृदंगवाल्या काकांनी सगळा करार मला वाचून दाखवायला लावला आणि शेवटी एकच विचारलं, "माजा नाव येतला मा?" येतंय काका, तिघांचीही नावं क्रेडिटमधे आहेत.

जानेवारीत बर्फाचा कारखाना. मिठाच्या पाण्याच्या टाकीत बर्फाचे डबे बुडवलेले असतात, एकेक वर ओढायचा, साध्या पाण्यात बुचकळायचा म्हणजे लादी सुटते, मग ती घसरत क्रशरकडे. अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी, बोटं बधिर, आणि थंडीत रेकॉर्डरची बॅटरी अर्ध्या वेळात संपली. सेल खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

आणि मग बंदर. माझ्या डोक्यात पहिल्यापासून एक प्लॅन होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तर ३१ मेच्या रात्री शेवटच्या फेरीवरून परतणाऱ्या ट्रॉलरची इंजिनं रेकॉर्ड करायची आणि १ जूनच्या पहाटे त्याच जागेवरून शांतता. दोन ट्रॅक, सातवा आणि आठवा. फेब्रुवारीपासून परवानगीच्या मागे लागले, एका ऑफिसने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने सांगितलं अर्ज पहिल्याकडेच द्या आणि पोच आम्हाला आणून दाखवा, पहिल्याकडचे साहेब रजेवर. पाच फेऱ्या. पाचव्या फेरीला एक वयस्कर शिपाई होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाजच मा? फोटो नाय मा काडनस?" नाही म्हटलं. "मगे कोन इचारता?" पण मी अर्जाची पोच घेतलीच, सवय आहे, आणि ती खिशात घेऊनच फिरले. पोच नक्की घ्या, रात्री बंदरावर मशीन घेऊन उभ्या बाईला दहा जण विचारतात.

बाकी सगळं जमलं आणि पाऊस आला. २०२५ चा मे आठवतोय ना? विसाव्या तारखेपासूनच धो धो, आणि २५ मेला मान्सून महाराष्ट्रात दाखल असं जाहीरसुद्धा झालं, १९९० नंतर एवढ्या लवकर कधीच नव्हता आला. होड्या आधीच ओढून वर घेतल्या लोकांनी, ट्रॉलर खाडीत गेले. ३१ मेच्या रात्री मी आणि नवरा स्कूटर घेऊन बंदरावर, रेनकोट, छत्री, पिशवीत गुंडाळलेला रेकॉर्डर, आणि समोर काय तर काहीच नाही. एक इंजिन नाही. दोरखंड ताणल्याचा करकर आवाज, ताडपत्रीवर पाऊस, लांब कुठेतरी कुत्रं. मी रडायच्या बेतात होते. नवरा म्हणाला, आलोय तर हे तरी घे. तोच आठवा ट्रॅक आहे, नऊ मिनिटांचा, त्यात मी जवळजवळ काहीही केलेलं नाही. सातव्यासाठी इंजिन नंतर ऑगस्टमधे बंदी उठल्यावर ओळखीच्या एका तांडेलांनी, म्हणजे ट्रॉलरच्या कप्तानांनी, चालू करून दिलं, पण तो ट्रॅक मला आजही जमलाय असं वाटत नाही, घाईत उरकलाय.

मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवणं, रीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर केलं. साठ दिवस फुकट चालतो, मग लायसन्स साठ डॉलर, मला साधारण ५,१०० पडले. ट्रायलचे साठ दिवस मी जूनमधे चालू केले हा शुद्ध मूर्खपणा, कारण जूनमधे आमच्याकडे लाईट किती दिवस असते हे मला माहीत असायला हवं होतं. गडगडायला लागलं की सगळे प्लग काढा, नुसतं स्विच ऑफ करून भागत नाही, माझा राउटर असाच गेला. रेकॉर्डर आणि माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर बुरशी.

मास्टरिंग, म्हणजे रिलीजआधी आवाजावरचा शेवटचा हात, पुण्याच्या एका इंजिनिअरकडे, ट्रॅकला १,५०० प्रमाणे १२,०००. भला माणूस, पण पहिल्या फोनला म्हणाला, "मॅडम, पाचव्यात सगळीकडे क्लिपिंग आहे." म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटलाय. म्हटलं ते मुद्दाम. "तिसऱ्यातलं?" तेही मुद्दाम. "सहाव्यातलं?" ते मात्र मुद्दाम नव्हतं, गप्प बसून दुरुस्त केलं. मग म्हणाला, पहिल्या ट्रॅकला दोन मिनिटं चौदा सेकंदांवर काहीतरी करकरतंय, सारखं येतंय, काढू का? मी ऐकलं, कशाचं ते कळेना, पण आवडलं, राहू दे म्हटलं. स्ट्रीमिंगवाले आवाजाची पातळी साधारण मायनस १४ एलयूएफएसला (हे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणतात, म्हणून उगाच भोंगा लावल्यासारखं मोठं करून काही मिळत नाही, तेवढ्याने खालीच ओढतात. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, मायनस १ डीबीवर ठेवला.

जुलैत कॉपीराइट. निर्मिती झाली की कॉपीराइट आपोआप असतोच, नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण झालं तर सर्टिफिकेट पुराव्याला उपयोगी. अर्ज ऑनलाइन, फॉर्म १४. संगीतरचनेला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,०००, प्रत्येक कृतीला वेगळे, म्हणजे आठ ट्रॅकच्या नुसत्या ध्वनिमुद्रणाचेच १६,०००. एवढे नव्हते, म्हणून फक्त पहिला आणि तिसरा केला, ४,०००. पैसे भरले की डायरी नंबर मिळतो आणि मग ३० दिवस कोणाची हरकत येते का यासाठी थांबायचं असतं, त्यानंतरच फाइल तपासायला घेतात. सप्टेंबरमधे मला त्रुटीचं पत्र आलं. का? तर अर्जात माझं लग्नानंतरचं नाव आणि जोडलेल्या कागदावर माहेरचं. मी! जी रोज काउंटरवर बसून लोकांना ओरडते, "आधार आणि पॅनवरचं नाव एक आहे का बघून या आधी"! दुकानातल्या मुलीला हे सांगितलं तर ती दोन दिवस हसत होती. उत्तर पाठवलंय, सर्टिफिकेट अजून आलेलं नाही.

डिस्ट्रिब्यूटर म्हणजे जो तुमचे ट्रॅक सगळ्या अॅपवर पोचवतो. वर्षाला २,००० च्या आसपास घेणारा एक निवडला, नाव नाही सांगत. आयएसआरसी नंबर त्यांच्याकडूनच मिळतो, बारा अक्षरी, प्रत्येक रेकॉर्डिंगला एक. तोच ट्रॅक उद्या दुसऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे नेलात तर जुनाच आयएसआरसी द्या, नवीन घेऊ नका, नाहीतर आधीचे आकडे तुटतात. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. भाषेच्या खान्यात इन्स्ट्रुमेंटल टाकलं. प्रकाराच्या खान्यात काय टाकावं यात एक अख्खी संध्याकाळ गेली, कारण एक ट्रॅक नाचायचा, एक नुसती किंचाळी, एकात दशावतार, एकात पाऊस. आमच्याकडची ऋषीची भाजी बघितलीय ना, परसात जे जे उगवलं ते सगळं एका टोपात, तसा आहे हा अल्बम. त्यांच्या यादीत ऋषीची भाजी नव्हती, इंडस्ट्रियल होतं.

तारीख ठरवली होती २२ ऑगस्ट, गणपतीच्या आधीचा शुक्रवार, चाकरमानी यायच्या वेळेला. ४ ऑगस्टला अपलोड केलं. ९ ला रिजेक्ट, कारण 'ऑडिओमधे दोष'. कुठल्या ट्रॅकमधे ते सांगत नाहीत. मी विचारलं, तेच वाक्य परत आलं. परत विचारलं, परत तेच. शेवटी स्वतःच अंदाज केला की आठव्याच्या सुरुवातीला चाळीस सेकंद जवळजवळ शांतता आहे आणि पाचव्यात क्लिपिंग. एक पत्र लिहिलं, हा प्रकारच असा आहे, हे आवाज हेतुपुरस्सर आहेत, आणि शांतता पंधरा सेकंदांवर आणली. ते मला आजही टोचतं. १८ ला दुसरं रिजेक्ट, कव्हरवर नाव देवनागरीत आणि फॉर्ममधे रोमन, जुळत नाही. फॉर्ममधेही देवनागरी केलं. मग २७ ऑगस्टला गणपती, आणि कोकणात गणपतीत कोण लॅपटॉप उघडतो? दुकान बंद, पाच दिवस आमचा गणपती, मग भजनं, मग पाहुणे. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि मी मेल उघडला तर अप्रूव्ह होऊन आठवडा झालेला. घाईघाईने १९ तारीख टाकली. प्लेलिस्टसाठी ट्रॅक सुचवायचा असेल तर रिलीजच्या निदान सात दिवस आधी सुचवावा लागतो, म्हणून ११ लाच तो खाना भरला. निवड झाली नाही, ते अपेक्षितच होतं.

टॅक्सचा फॉर्म घाबरवतो, डब्ल्यू-८बेन. डिस्ट्रिब्यूटर अमेरिकेचा असेल तर भरावाच लागतो, नाहीतर तिथल्या कमाईवर ३० टक्के कापतात. भारत-अमेरिका करारातलं कलम १२ टाकलं, टॅक्स नंबर म्हणून पॅन दिला, रॉयल्टीला १५ टक्के. आणि इथे नाव पॅनप्रमाणेच टाका, हे मी आता ठणकावून सांगू शकते.

पैशाचं सांगायचं तर, पेट्रोलचे तीन हजार आणि डिस्क-वायरीचे चारशे धरून सगळे मिळून ४३,५०० गेले. आले किती? पहिल्या महिन्यात अल्बमचे मिळून ४१२ स्ट्रीम. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या ट्रॅकचे बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्याशिवाय त्याचा पैसाच मोजत नाहीत, म्हणजे तिथून शून्य. बँडकॅम्पवर, म्हणजे जिथे लोक थेट कलाकाराकडून अल्बम विकत घेतात त्या साइटवर, तेवीस जणांनी विकत घेतला, ते डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवतात, बाकीचे पेपालवर येतात. कुठलातरी जर्मन माणूस दोनदा घेऊन गेला, बहुधा चुकून.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत ब्लूटूथ स्पीकर नेला आणि पहिला ट्रॅक लावला. डबे उघडे, कोणी जेवतंय, कोणी आडवी झालेली. एकजण म्हणाली, "ह्येका गाणा म्हणतत? ह्या तर आमी आठ तास आयकतव." सगळ्या हसल्या. मग दुसऱ्या मिनिटाला आत्याने हात वर केला, गप्प रावा, आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकायला लागली. "ही ती कोपऱ्यातली. मदीच थांबता बघ, तिचो आंगठो दुखता. ही नवीन इल्ली ती, पेडल जोरान मारता." एकेक करून तिने आठ-नऊ जणी ओळखल्या, नुसत्या खटवरून, आणि कोपऱ्यातली खरंच अंगठा चोळत होती. मी कॉम्प्युटरवर सात आठवडे हे ऐकत होते, मला एकही ओळखू आली नव्हती.

मग ते दोन मिनिटं चौदा सेकंदांवरचं करकर आलं.

"आनी ह्या माजा स्टूल," आत्या म्हणाली. "ह्या काडूक व्हया होता गो तुया."

सोमवारी तिने स्टूलाला तेल घातलं.